चोरघंटेची तार

विजेवर चालणारी चोरघंटा पहिल्यांदा ज्याच्या नावावर नोंदली गेली, तो माणूस कुलुपे बनवणारा नव्हता, पोलीसही नव्हता. ऑगस्टस रसेल पोप हे अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावचे पाद्री. २१ जून १८५३ रोजी त्यांना मिळालेल्या पेटंटचा क्रमांक ९८०२. विजेचे दिवे घरोघर यायला अजून बराच अवकाश होता. पोप यांच्या हाताशी होते ते सगळे तारायंत्राचे सामान: विद्युतघट, तार, विद्युतचुंबक आणि घंटा.

दार किंवा खिडकी उघडली की परिपथ पूर्ण होई, विद्युतचुंबक थरथरू लागे आणि त्याला जोडलेली हातोडी पितळी घंटेवर आपटे. चोराने बिचकून दार पुन्हा लोटले तरी घंटा थांबत नसे. दारावरच्या भिंतीत बसवलेली एक स्प्रिंग प्रवाह चालूच ठेवी. चोराच्या मनाचा इतका बारीक विचार एका धर्मोपदेशकाने करावा, याचे मला आजही कौतुक वाटते. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी या शोधाचे हक्क विकत घेतले. पुढच्याच वर्षी पोप वारले. धंदा वाढला तो होम्स यांच्या नावाने, आधी बॉस्टनमध्ये आणि मग न्यूयॉर्कमध्ये.

पण या रचनेत एक खोट होती. दार बंद असताना तारेतून प्रवाह वाहतच नाही. म्हणजे चोराने आधी तारच कापली, तर घर शांत, आणि चोर आलाच नाही तरी घर शांत. अंथरुणावर पडलेल्या मालकाला या दोन शांतता वेगळ्या कशा ओळखू याव्यात?

उपाय उफराटा होता. प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि तो तुटला की घंटा वाजवायची. दार उघडा नाहीतर तार कापा, परिणाम एकच. दुकानांच्या काचांवर चिकटवलेली धातूच्या वर्खाची पट्टी याच तत्त्वावर चाले. काच फुटली की पट्टी तुटे. हे वाचताना मला आमच्या वाड्याबाहेरचा गुरखा आठवला. तो रात्रभर फरशीवर काठी आपटत फिरे. त्या आवाजाने आजोबांची झोप कधी मोडली नाही. एका रात्री काठी वाजली नाही, तेव्हा मात्र ते उठून बसले. बंद परिपथ म्हणजे ही काठीच.

घंटा घरातच वाजली आणि घरात कोणी नसले तर? म्हणून तारा शहरातल्या एका कचेरीपर्यंत नेण्यात आल्या. तिथे रात्रभर माणूस बसे. बँका आणि पेढ्या यांना हे फार सोयीचे वाटले. या तारा दिवसा मात्र निरुद्योगी असत. १८७७ च्या मे महिन्यात बॉस्टनच्या होम्स कचेरीत त्याच तारांना ग्रॅहॅम बेल यांचे टेलिफोन जोडले गेले. दिवसा बोलणे, रात्री पहारा. टेलिफोन एक्स्चेंजचा इतिहास सहसा न्यू हेवनच्या १८७८ च्या एक्स्चेंजपासून सांगतात. व्यापारी सेवा म्हणून ते ठीक आहे, पण चोरघंटेच्या तारांना त्यात निदान एक परिच्छेद तरी मिळायला हवा होता.

टेलिफोनने हे देणे फेडले ते सुमारे साठ वर्षांनी. बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये रीड स्विच शोधला. बारीक काचनळीत लोखंडमिश्रित धातूच्या दोन पात्या, जवळ लोहचुंबक आला की चिकटणाऱ्या, दूर गेला की सुटणाऱ्या. धूळ नाही, गंज नाही. चौकटीवर नळी आणि फळीवर चुंबक, ही जोडी आज कुठल्याही दुकानाच्या दारावर दिसेल.

चोरही शिकत होतेच. तार कापता येत नाही, तर तिची दोन टोके मध्येच जोडून टाकायची. मग दार उघडले तरी प्रवाह चालू. त्यावर तारेच्या अगदी शेवटी, दारापाशी, एक ठरावीक रोध बसवू लागले. प्रवाह नेमका तेवढाच हवा. शून्य झाला तरी शंका, वाढला तरी शंका. शंकेची पाल म्हणतात ती अशी. खरी पाल उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरच्या भिंगावरून सरकते तेव्हा मात्र नुसता गोंधळ होतो.

आता तारच राहिली नाही. बिनतारी सेन्सर ठरावीक वेळाने पॅनेलला ‘मी आहे’ एवढाच निरोप धाडत असतो, आणि निरोप चुकले की पॅनेल बिघाड नोंदवते. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे पॅनेल रात्री दोनला ओरडू लागले. आम्ही सगळे काठ्या घेऊन खाली उतरलो. मागच्या दाराला कुलूप होते, कडी जागेवर होती. सेन्सरमधला बोटभर सेल संपला होता.