एअर डक्टची सफाई कशी होते? उपकरणं, पद्धत आणि गरज

ऑफिस, मॉल किंवा थिएटरमध्ये छताच्या जाळीतून जी थंड हवा येते, ती पत्र्याच्या लांबलचक मार्गातून येते. हाच एअर डक्ट. आपल्या घरातल्या नेहमीच्या स्प्लिट एसीला तो नसतो. अमेरिकेतल्या घरांमध्ये मात्र सर्रास दिसतो. त्यात साचलेली धूळ काढायची कशी, ते बघूया.

मूळ तत्त्व

इथे दोन कामं एकाच वेळी व्हावी लागतात: चिकटलेली धूळ सुटी करणं आणि ती लगेच बाहेर ओढून घेणं. नुसता ब्रश फिरवला आणि ओढ कमी पडली, तर सगळी धूळ जाळीतून खोलीत येते. म्हणजे पैसे देऊन हवा खराब करून घेतली!

उपकरणं

• निगेटिव्ह एअर मशीन: मोठा पंखा आणि फिल्टर असलेलं मशीन. डक्टमधला दाब खोलीपेक्षा कमी ठेवतं, त्यामुळे धूळ खोलीत न येता मशीनकडे जाते. त्यातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो.
• फिरता ब्रश: लवचिक दांड्यावर बसवलेला, मोटरवर फिरणारा.
• एअर व्हिप: कॉम्प्रेसरच्या हवेने फडफडणाऱ्या नळ्या. भिंतीवर आपटून धूळ सुटी करतात.
• कॅमेरा: आधीची आणि नंतरची स्थिती दाखवायला.

पद्धत

१. एसी बंद करून कॅमेऱ्याने आतली पाहणी.
२. जाळ्या झाकून मशीन जोडणं.
३. एकेक भाग घेऊन, मशीनच्या दिशेने धूळ ढकलत आणणं.
४. ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि ड्रेन पॅन साफ करणं. हे राहिलं तर डक्ट पुन्हा लवकर घाण होतो.
५. कामासाठी पाडलेली भोकं हवाबंद करणं.

खरंच गरज आहे का?

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की डक्ट सफाईमुळे आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही. ठरावीक काळाने नव्हे, गरज पडली तरच करा. गरज म्हणजे काय? आत दिसणारी बुरशी, उंदीर-किडे, किंवा जाळीतून बाहेर पडणारी धूळ.

बुरशी असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा, नाहीतर ती परत येणारच. डक्टच्या आतलं फायबरग्लासचं अस्तर ओलं होऊन बुरशी धरली असेल, तर ब्रश मारून उपयोग नाही; तो भाग बदलावा लागतो.

काम देण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला तीन प्रश्न विचारा: निगेटिव्ह एअर मशीन आणणार का? कॉइल आणि ब्लोअर कामात धरलेत का? आधी-नंतरचे फोटो देणार का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरा माणूस बघा. आणि फिल्टर मात्र वेळच्या वेळी बदला. धूळ आत जाण्याआधीच अडवणं केव्हाही स्वस्त पडतं.