गल्ल्यावर कोण, मोरीवर कोण? कोकणातल्या हॉटेल-नोकरीचा इतिहास

हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात 'मनुष्यबळ व्यवस्थापन' हा विषय शिकवतात. भरती, निवड, प्रशिक्षण, पगार, बढती अशी त्याची प्रकरणे असतात. जातीचे प्रकरण सहसा नसते. जणू हॉटेलची नोकरी ही जातीबाहेरची, आधुनिक, सर्वांना खुली अशी गोष्ट आहे! मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर आज 'पर्यटनातून रोजगार' ही घोषणा जोरात आहे. म्हणून हा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवातीला लढा हॉटेलच्या दाराशी होता. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत असल्याने त्यांना पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. म्हणजे संस्थानाने नोकरी दिली, पण राहायला खोली मिळाली नाही, आणि खोलीविना ती नोकरीही टिकली नाही.

१९२३ साली भंडारी समाजाचे नेते सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे तो सांगत होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले.

याच काळात दुसरा प्रश्न पुढे आला. चहा कोणाच्या हातचा प्यायचा?

घाटापलीकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी याचे उत्तर कृतीने दिले. पागेतले नोकर गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला सांगितले, मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. सोबतच्या सरदार-दरकदारांनाही घ्यावा लागला. त्या हॉटेलचे नाव 'सत्यसुधारक'. इथे एक गोष्ट नीट पाहा. महाराजांनी कांबळ्यांना कुणाच्या हॉटेलात कपबशा विसळायला पाठवले नाही. त्यांना गल्ल्यावर बसवले. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या राजाला मनुष्यबळ व्यवस्थापन कशाशी खातात हे पक्के ठाऊक होते.

रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांनी 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढले. तिथे अस्पृश्य समाजातला माणूस चहा-फराळ देत असे. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा बऱ्याच अंशी रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणून ही आपल्याच भागातली घटना आहे. त्या काळात ते पाऊल लहान नव्हते, हे आम्ही मान्य करतो. पण नावातच त्याची मर्यादा लिहिलेली होती. 'हिंदू' म्हणून एकत्र बसणे हा त्याचा हेतू होता. वाढणाऱ्याच्या हाताला मान मिळाला, तो मालक कधी होणार हा प्रश्न तिथे नव्हता. दोनच वर्षांनी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मच सोडण्याची घोषणा केली.

पुढे संविधान आले. अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्व नागरिकांना खुली केली. अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली. आता मधली फट पाहा. खासगी हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून बसण्याचा हक्क मिळाला, सरकारी कचेरीत नोकरीचा हक्क मिळाला, पण खासगी हॉटेलातली नोकरी या दोहोंच्या मध्ये लटकत राहिली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला झाडूकाम वा मैलाकाम करायला भाग पाडणे हाही तेव्हा गुन्हा ठरला. पण मालक 'तू महार म्हणून झाडू घे' असे कशाला म्हणेल? तो म्हणतो, 'सध्या हीच जागा आहे.'

आता किनाऱ्याकडे येऊ. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ साली चिपीला विमान उतरले. किनाऱ्यालगत ज्याचे घर आणि आवाठ, तो होम-स्टेचा मालक झाला. ज्याची जमीनच नाही, तो कामगार झाला. ही जमीन काही आभाळातून पडलेली नव्हती. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली विधेयक मांडले होते, कायदा झाला १९४९ साली. या सगळ्या उलाढालीत जमीन कुणाच्या हाती गेली आणि कुणाचा वाडा गावाच्या टोकालाच राहिला, हे सातबारा उघडून पाहावे. आजच्या हॉटेलची हजेरी त्या सातबाऱ्यावरूनच ठरते.

आम्ही बौद्ध वस्त्यांत काम करतो तेव्हा हेच ऐकतो. मुलगी पदवीधर असली तरी काम हाउसकीपिंगचे. मुलगा हॉटेलात लागला तर मोरीवर, बागेत किंवा सामान उचलायला. भट्टीवर आणि गल्ल्यावर मालकाचा नातेवाईक. हंगाम संपला की घरी. किनाऱ्यावरच्या गावांना भुयारी गटार नाही. मे महिन्यात पर्यटकांनी खोल्या भरतात, तशा सेप्टिकच्या टाक्याही भरतात. त्या उपसायला कोणत्या वस्तीत फोन जातो? सुरक्षासाधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे किती हॉटेलमालकांना माहीत आहे?

कायद्याने काय केले तेही पाहू. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेल कामगाराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा दिली, ओळखपत्र दिले. त्याच्या जागी आलेला २०१७ चा कायदा मुख्यतः दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच उरला. सप्टेंबर २०२५ मध्ये ही संख्या वीसवर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही दहा कामगारांपासूनच बंधनकारक. त्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती, तिचा पत्ता खोल्या झाडणाऱ्या बाईला कोण सांगणार? भविष्यनिर्वाह निधी वीसपासून. मालवण किनाऱ्यावरची खानावळ आणि होम-स्टे चालतात चार-सहा माणसांवर. म्हणजे जिथे कामगार सर्वांत एकटा, तिथेच कायदा मागे फिरतो.

यावर ठरलेले उत्तर येते: 'आम्ही जातपात मानत नाही, ओळखीचा माणूस ठेवतो.' मित्रांनो, ओळख म्हणजे तरी काय? ज्याच्याशी लग्नसंबंध, ज्याच्याबरोबर पंगत, ज्याच्या वाडीत येणे-जाणे, तो ओळखीचा. जातीने बांधलेल्या गावात ओळखीने केलेली भरती ही जातीनेच केलेली भरती असते. जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकाखाली एक रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले आहे. हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेलात तर ही उतरंड उघडी दिसते.

लहान मालकही कर्जात असतो, हे आम्हाला कळते. तो आमचा शत्रू नाही. पण तो सरकारी योजनांचा लाभ घेतो, आणि २०२४ च्या पर्यटन धोरणातही उद्योगासाठी सवलती आहेत. सार्वजनिक पैसा घेताना सार्वजनिक अटी का नकोत?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सवलत घेणाऱ्या प्रत्येक हॉटेलाने, मग कामगार दोन का असेनात, नेमणूकपत्र आणि पगाराची नोंद ठेवावी. किमान वेतनाला दहाची अट नाही, त्याची तपासणी हंगामात व्हावी, पावसाळ्यात नव्हे. स्वयंपाक, स्वागतकक्ष, स्कूबा या प्रशिक्षणांत अनुसूचित जातींच्या मुलामुलींना राखीव जागा आणि विद्यावेतन मिळावे. भूमिहीनांना किनाऱ्यालगतच्या सरकारी जागेत सामूहिक खानावळीसाठी गाळे द्यावेत.

शंभर वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी एका माणसाला गल्ल्यावर बसवले आणि तिथे चहा प्यायला राजवाडा रांगेत आणला. आज हजारो पर्यटक या किनाऱ्यावर जेवून जातात. जाताना मालवणी जेवणाची तारीफ करतात. त्यांनी आणि आपण एकदा एवढेच विचारावे: ताट वाढणारा, ताट घासणारा आणि ताटाचे पैसे घेणारा, हे कोणकोणत्या वाडीतले आहेत?

जय भीम! जय संविधान!