'थ्री लेस दॅन एट' म्हणजे किती? वजाबाकी येत असूनही मुलं इंग्रजी गणितात का अडतात

'रवी हॅज एट मँगोज. मीना हॅज फाइव्ह. हाउ मेनी मोअर मँगोज डज रवी हॅव?'

सेमी इंग्रजीच्या पहिली-दुसरीच्या वर्गात हे उदाहरण घातलं, की काही वह्यांत हमखास उत्तर सापडतं, १३. त्यावर लाल फुली पडते आणि घरी निरोप जातो, 'वजाबाकी कच्ची आहे.' त्याच मुलाला मराठीत विचारून बघा, 'रवीकडे मीनापेक्षा किती आंबे जास्त आहेत?' बोटं मोजून ते ३ म्हणालं, तर वजाबाकी त्याला येते. अडलं ते 'मोअर' या शब्दापाशी.

मराठीत 'आणखी' आणि 'जास्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. पोळी हवी असेल तर 'आणखी एक', तुलना करायची असेल तर 'एकने जास्त'. इंग्रजीत दोन्हीकडे 'मोअर'च. लहान मुलाच्या कानावर आधी 'वन मोअर' पडतं, म्हणजे भर घालणं. त्यामुळे 'हाउ मेनी मोअर' ऐकलं की ते बेरीज करून मोकळं होतं.

हा घोळ फक्त इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांचा नाही. टॉम हडसन यांचा १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या मुलांवरचा अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. चित्रात काही पक्षी होते आणि त्यांच्यापेक्षा कमी अळ्या. 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' याचं बरोबर उत्तर पहिलीतल्या ६४ टक्के मुलांनी दिलं. मग प्रश्न बदलला, 'प्रत्येक पक्षी एकेक अळी पकडायला गेला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' आता सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. चित्र तेच, वजाबाकी तीच, बदललं फक्त वाक्य. परिसरात इंग्रजी असलेल्या मुलांची ही गत, तर ती फक्त शाळेत ऐकणाऱ्या मुलांना किती जड जात असेल?

शब्दांची रांग उलटी

'८ मधून ३ वजा करा.' मराठीत ८ आधी येतो, ३ नंतर, आणि मांडणीही तशीच, ८ − ३. 'आठपेक्षा तीनने कमी' म्हटलं तरी क्रम तोच राहतो. इंग्रजीत मात्र 'सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट' किंवा 'थ्री लेस दॅन एट'. इथे तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ऐकलेल्या क्रमाने ३ − ८ लिहितं.

आणखी बारकावा पाहा. 'एट लेस थ्री' म्हणजे ८ − ३. 'थ्री लेस दॅन एट' म्हणजेही ८ − ३, पण उलट्या क्रमाने. आणि 'थ्री इज लेस दॅन एट' यात वजाबाकी नाहीच, तीन आठपेक्षा लहान आहे एवढंच ते सांगतं. एका 'इज'ने अर्थ पालटतो. सात वर्षांच्या मुलाकडून हा फरक न शिकवता कळण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

बाकीचे शब्दही साधे नाहीत. 'लेफ्ट' म्हणजे उरलेले, पण मुलाने तो आधी कवायतीत ऐकलेला असतो, डावा या अर्थाने. आंबा आणि केळं यांच्यातला 'डिफरन्स' विचारला, तर रंग आणि चव सांगणारं मूल मुळीच चुकत नाही. 'बॉरो'चा अर्थ कळणारं मूल विचारू शकतं, उसना घेतलेला दशक परत कधी करायचा? परत करायचाच नसतो. त्यापेक्षा दशक सुटा केला हे सांगणं खरं आणि सोपं.

एका बाबतीत इंग्रजी सरळ आहे. 'फिफ्टी टू'मध्ये दशक आधी ऐकू येतो, 'बावन्न'मध्ये एकक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असं वाचन दिलं गेलं ते या अडचणीपायीच. त्यावरून विधिमंडळापासून सोशल मीडियापर्यंत वाद झाला.

मग शिकवायचं कसं?

अनेक वर्गांत भिंतीवर तक्ता असतो, 'लेफ्ट' दिसलं की वजा, 'मोअर' दिसलं की अधिक. हा तक्ता दिसायला सोयीचा, पण फसवा. 'रवीने तीन आंबे दिले, फाइव्ह आर लेफ्ट, सुरुवातीला किती होते?' इथे 'लेफ्ट' असूनही बेरीज करायची आहे.

चिंचोके जास्त उपयोगी पडतात. आठ चिंचोक्यांतले पाच उचलायचे आणि मराठीत विचारायचं, किती उरले? मूल तीन म्हणालं की लगेच पूर्ण इंग्रजी वाक्य, 'थ्री आर लेफ्ट', हात चिंचोक्यांवर असतानाच. सुटा शब्द पाठ करून घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी आठ आणि पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, जोड्या लावायच्या, बिनजोडीचे मोजायचे आणि मग म्हणायचं, 'थ्री मोअर'. नंतर पाचच ठेवून आठ व्हायला किती लागतील हे विचारायचं. तिन्ही वेळा ८ − ५, पण गोष्टी तीन. 'थ्री लेस दॅन एट' याच्याही पुढे, उलटा क्रम बोट ठेवून दाखवत.

'घरीही इंग्रजीतच बोला' हा सल्ला पालकांना सर्रास मिळतो. वजाबाकीपुरता तरी तो उपयोगाचा नाही. उरणं, कमी पडणं, शिल्लक, जास्त या कल्पना घरच्या भाषेत पक्क्या असतील, तर इंग्रजीत फक्त नवं नाव शिकायचं उरतं.

उत्तर चुकलं की तेच उदाहरण मराठीत विचारावं. तिथे बरोबर आलं, तर वाक्यावर काम करायचं. दोन्हीकडे चुकलं, तर वही मिटून चिंचोके काढायचे.