सह्यांच्या अर्जाचा प्रवास : मुखत्यारपत्रापासून लिंकपर्यंत

राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी अनेकांनी मिळून केलेला अर्ज हे लोकमताचे जुने साधन आहे. त्याचे बळ सह्यांच्या आकड्यात दिसत असले, तरी ते खरोखर दोन गोष्टींवर टिकून असते : सही करणारी व्यक्ती खरी असणे, आणि ज्या मजकुराखाली तिची सही गणली जाते तो मजकूर तिने वाचून मान्य केलेला असणे. अर्ज कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आला, तरी या दोन कसोट्या बदललेल्या नाहीत.

ब्रिटिश पार्लमेंटने हा धडा एकोणिसाव्या शतकातच गिरवला होता. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळावा अशी मागणी करणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने १८४८ च्या एप्रिलमध्ये कॉमन्स सभागृहाला जो प्रचंड अर्ज सादर केला, त्यावर ५७ लाख सह्या असल्याचे चळवळीचे नेते फर्गस ओकॉनर यांनी सांगितले होते. परंतु सभागृहाच्या कारकुनांनी मोजणी केली तेव्हा सुमारे १९ लाख ७५ हजार सह्याच भरल्या, आणि त्यांतही राणी व्हिक्टोरिया, ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशी नावे आढळली. लाखो कष्टकऱ्यांच्या खऱ्या सह्या या बनावट नावांमुळे हास्यास्पद ठरल्या आणि मूळ मागणी बाजूला पडली. सह्या अर्जाच्या कागदावरच केलेल्या असाव्यात, दुसरीकडून आणून चिकटवलेल्या नसाव्यात, असा त्या सभागृहाचा दंडक होता. मजकूर आणि सही यांची फारकत होऊ नये, हाच त्यामागील हेतू होता.

याच पार्लमेंटकडे महाराष्ट्रातूनही अर्ज जाऊ लागले. मुंबईत १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने, ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा प्रश्न विचाराधीन असताना, कारभारातील दोष दाखवणारा अर्ज विलायतेस पाठवला. मात्र प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाला नेमके उत्तर शोधले ते पुण्याने. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून सुरू झालेल्या हालचालींना सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी संघटित रूप दिले आणि २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार याला दिला आहे’ असे लेखी सांगणारे मुखत्यारपत्र किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांनिशी आणल्याशिवाय कोणालाही या सभेचे सभासद होता येत नसे. त्यामुळे ‘तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?’ या सरकारी प्रश्नाला सभेपाशी कागदोपत्री उत्तर होते. भारतीयांना पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सभेने १८७५ मध्ये केलेल्या अर्जावर २० हजारांहून अधिक सह्या होत्या. ती मागणी मान्य झाली नाही, पण अर्जाची ही शिस्त पुढील सनदशीर राजकारणाचा पाया ठरली.

ऑनलाइन अर्जांचा काळ विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. ब्रिटिश पार्लमेंटच्या २०१५ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर १० हजार सह्यांना सरकारचे उत्तर मिळते आणि १ लाख सह्यांनंतर चर्चेचा विचार होतो; मात्र नाव भरल्यावर ईमेलने येणारी पुष्टीची लिंक उघडल्याखेरीज सही मोजली जात नाही. तरीही युरोपीय महासंघाबाबत दुसरे सार्वमत घ्यावे या २०१६ च्या अर्जातून सुमारे ७७ हजार बनावट सह्या काढून टाकाव्या लागल्या.

भारतातील अनुभवही बोलका आहे. इंटरनेटच्या समान वापराविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१५ च्या मार्चमध्ये मते मागवली तेव्हा १० लाखांहून अधिक ईमेल आले. पण ते प्रसिद्ध करताना पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही उघड झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रायने इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांविषयी पुन्हा मते मागवली, तेव्हा फेसबुकने निवडक संकेतस्थळे मोफत दाखवणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ सेवेच्या बाजूने वापरकर्त्यांकडून साचेबंद मजकुराचे लाखो संदेश पाठवून घेतले. ते विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, असे ट्रायने कळवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावपूर्ण दरांवर बंदी घातली.

या इतिहासातून आजच्या मोहिमांसाठी काही नियम निघतात. लिंकबरोबर मागणी कोणाकडे आणि कशाची, अर्ज कोणी मांडला आणि मुदत कधीपर्यंत आहे हे दोन ओळींत लिहावे. पाठवायची ती मूळ अर्जाच्या पानाचीच लिंक. स्वतःला ईमेलने आलेली पुष्टीची लिंक पुढे धाडू नये, कारण ती एकाच व्यक्तीच्या सहीशी बांधलेली असते. सही केल्यावर पुष्टी करावी लागणार असेल तर ते आधीच सांगावे, नाहीतर अनेकांचा पाठिंबा अर्ध्या वाटेत अडकतो. अर्जावर सही करणे आणि संघटनेच्या पुढील संदेशांसाठी नाव नोंदवणे या दोन स्वतंत्र संमती आहेत. पहिलीच्या आडून दुसरी घेऊ नये, आणि गोळा झालेला फोन क्रमांक व ईमेल कोठे जाणार हे लपवू नये. पाठवण्यापूर्वी ती लिंक स्वतः उघडून पाहणे, हे प्रत्येक कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

मुखत्यारपत्रावर सही करणाऱ्या माणसाला आपण कोणाला आणि कशासाठी अधिकार देत आहोत हे ठाऊक असे. लिंक उघडणाऱ्यालाही ते तितकेच स्पष्ट ठाऊक असले पाहिजे, आणि ते सांगण्याची जबाबदारी लिंक पाठवणाऱ्याची आहे.