अंटार्क्टिकावरील चिवट दगडफुले

गोड्या मसाल्यातील दगडफूल हे फूल नव्हे. 'शैवाक' किंवा लायकेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सजीवांच्या गटातील तो एक प्रकार आहे. याच गटाने पृथ्वीवरील सर्वांत थंड खंडावर, अंटार्क्टिकावर, बस्तान बसविले आहे. तेथे मूळच्या सपुष्प वनस्पतींच्या केवळ दोन जाती आढळतात, त्याही अंटार्क्टिक द्वीपकल्प व लगतच्या बेटांपुरत्याच. शैवाकांच्या जाती मात्र सुमारे ४०० आहेत.

दोघांचा संसार

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये हे दुहेरी स्वरूप मांडले. बुरशी आसरा देते आणि पाणी धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. खरी मुळे नसल्याने शैवाकांना मातीची गरज भासत नाही. उघडा खडक त्यांना पुरतो.

थंडीशी सामना

पेशीतील पाणी गोठले की पेशी फाटण्याचा धोका असतो. शैवाके पाणी गमावून पार कोरडी होतात आणि त्यांच्या जीवनक्रिया जवळजवळ थांबतात. बर्फ वितळून ओलावा मिळताच त्या पूर्ववत सुरू होतात. काही जाती उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही प्रकाशसंश्लेषण करू शकतात. मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत तर शैवाके वालुकाश्माच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, खडकाच्या आत राहतात. इम्रे फ्रीडमन यांच्या संशोधनाने ही दडलेली सृष्टी उजेडात आणली. २००५ मध्ये 'फोटॉन-एम२' या उपग्रहावरून शैवाकांच्या दोन जाती सुमारे दोन आठवडे अंतराळात उघड्या ठेवण्यात आल्या. परतल्यावर त्या जिवंत होत्या.

संथ वाढ, मोठा धोका

या चिवटपणाची किंमत म्हणजे अतिशय संथ वाढ. 'ब्यूएलिया फ्रिजिडा' ही काळसर जात कोरड्या दऱ्यांत शंभर वर्षांत एक मिलिमीटरही वाढत नाही. साहजिकच बुटाखाली चिरडलेला नाण्याएवढा ठिपका भरून येण्यास कित्येक पिढ्या लागतील. म्हणूनच १९९१ च्या माद्रिद करारानुसार तेथील वनस्पती परवान्याविना गोळा करण्यास मनाई आहे.

हवामान बदलाचा फटकाही बसू लागला आहे. पूर्व अंटार्क्टिकातील विंडमिल बेटांवरील हरितांचे, म्हणजे मॉस वनस्पतींचे, पट्टे कोरडे पडत असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. थंडी सोसणाऱ्या वनस्पतींनाही पाण्यावाचून वाढता येत नाही.

भारतीय संशोधन

भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. 'मैत्री' तळ ज्या शिरमाकर परिसरात आहे, तेथील शैवाकांच्या नोंदी भारतीय शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. 'भारती' तळाजवळ सापडलेल्या हरिताच्या नव्या जातीला २०२१ मध्ये 'ब्रायम भारतीएन्सिस' असे नाव देण्यात आले. अशा नोंदी असतील, तरच पुढील काळात तेथे काय टिकले आणि काय नाहीसे झाले, हे ताडून पाहता येईल.