चार्जर लावताच रेडिओ का खरखरतो? कोणता कपॅसिटर, कोणते टोरॉइड वापरावे?

एलईडी दिव्यातले किंवा चार्जरमधले सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. त्यातून निघणारा गोंगाट वायरमध्ये शिरतो, वायरच अँटेना बनते आणि मीडियम वेव्हवरची आकाशवाणी खरखरू लागते.

कपॅसिटर : फेज आणि न्यूट्रलमध्ये 'एक्स' वर्गाचा कपॅसिटर लागतो. ०.१ मायक्रोफॅरड, एक्स२, २७५ व्होल्ट एसी हा नेहमीचा पर्याय. २३० व्होल्ट एसीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. त्यामुळे २५० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर इथे फुटू शकतो, आगही लागू शकते. अर्थिंगकडे जोडायचा कपॅसिटर 'वाय' वर्गाचाच हवा. त्यातून थोडी वीज सतत अर्थिंगला गळते (४.७ नॅनोफॅरडला सुमारे ०.३ मिलिअँपिअर), म्हणून तो लहानच ठेवतात.

टोरॉइड : फेराइटच्या कड्यातून दोन्ही वायरी एकत्रच गुंडाळाव्यात. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. मीडियम वेव्हसाठी ७५ क्रमांकाचे, शॉर्टवेव्हसाठी ३१ आणि एफएमसाठी ४३ क्रमांकाचे फेराइट चालते. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी लोहभुकटीची असतात. त्यांचा इथे उपयोग नाही.

सुरुवात कुठून? टोरॉइडपासून. त्यासाठी उपकरण उघडावे लागत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, म्हणून ते काम जाणकाराकडेच सोपवावे.