संशोधनाचें माप

एखाद्या संशोधकाची योग्यता कशी ठरवावी? गवयाची परीक्षा मैफलींत होते. परंतु ज्याचे लेख चार-दोन तज्ज्ञांवांचून कोणी वाचीत नाहीं, त्याचें माप कोणत्या तराजूनें घ्यावें? अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं उल्लेख-सूचीची कल्पना मांडली. कोणत्या लेखाचा आधार पुढील किती लेखकांनीं घेतला, याची ती नोंदवही. मूळ हेतु विचारांचा माग काढण्याचा. पण पुढें त्याच वहीवरून माणसांची किंमत ठरूं लागली. २००५ सालीं हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें तर सारा हिशेब एका अंकांत आणला: ज्याच्या वीस लेखांस प्रत्येकीं निदान वीस उल्लेख मिळाले, पण एकवीस लेखांस एकवीस मिळाले नाहींत, त्याचा अंक वीस. नेमणुका व बढत्या देतांना हा अंक आज अनेक ठिकाणीं पाहिला जातो.

हा तराजू कितपत खरा, हें आपल्याच एका विद्वानाच्या उदाहरणावरून पाहूं. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ सालीं गोव्यांत झाला. वडील धर्मानंद बौद्ध वाङ्मयाचे पंडित. त्यांच्याबरोबर मुलगा अमेरिकेस गेला व १९२९ सालीं हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढें दामोदररावांनीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत व १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गणिताचें काम केलें. १९६६ सालीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

त्यांच्या लेखनाची यादी एकाच माणसाची आहे यावर प्रथम विश्वास बसत नाहीं. १९३३ सालीं एका मान्यवर जर्मन नियतकालिकांत त्यांचा भूमितीवरील लेख आला आणि त्याच खंडांत फ्रेंच गणिती एली कार्तां यांनीं त्यावर विवेचन केलें. त्या विषयास आज कोसंबी, कार्तां व चर्न या तिघांचें नांव आहे. १९४० च्या सुमारास ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. हातोहात फिरतांना नाणें झिजतें. तेव्हां वजनांतील घट मोजून त्याचा चलनांतील काळ अजमावतां येईल, ही त्यांची युक्ति. १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति आणि १९५६ सालीं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आतां या कामाचें पुढें काय झालें तें पाहा. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर, तीं संततींत किती वेळां विलग झालीं यावरून काढावें लागतें. एके ठिकाणीं अदलाबदल झाली कीं जवळच दुसरी होण्याचा संभव बहुधा कमी असतो. ही गोष्ट हिशेबांत घेणारें सूत्र कोसंबींनीं १९४४ सालीं अवघ्या चार पानांत दिलें. भाताचे व गव्हाचे जनुक-नकाशे काढणारे आजहि तें वापरतात. परंतु तें संगणकांत आयतें मिळत असल्यामुळें पुष्कळ जण कोसंबींचें नांव घेतात, मूळ लेखाचा उल्लेख करीत नाहींत. आणि हा कोसंबी इतिहासकारहि होता हें त्यांच्या गांवींहि नसतें.

संख्याशास्त्रांत याच्या उलट घडलें. यदृच्छेनें बदलणाऱ्या राशीचें सुट्या घटकांत पृथक्करण करण्याची रीत त्यांनीं १९४३ सालीं भारतीय नियतकालिकांत मांडली. थोड्याच वर्षांत कारहुनेन व लोएव्ह यांनीं ती स्वतंत्रपणें शोधली, आणि जग बहुधा या दोघांचेंच नांव घेतें. भर्तृहरीचा श्लोक उद्धृत करणारा भर्तृहरीचें नांव घेतो; पाठभेद जुळविणाऱ्या संपादकाची आठवण क्वचितच होते. इतिहासांत मात्र कोसंबींचा उल्लेख मान्यतेसाठीं होतो तसाच खंडनासाठींहि. नोंदवहींत दोन्ही सारखेच. १९५९ सालीं त्यांनीं कृषि-संख्याशास्त्राच्या नियतकालिकांत रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाकडे जाणारा मार्ग मांडला. तो टिकला नाहीं व गणितज्ञांत त्यांच्या नांवास उणेपणा आला. त्या लेखाचा उल्लेख दोष दाखविण्यासाठीं केला, तरी वहींत तो जमेच्याच बाजूस पडतो!

शिवाय प्रत्येक शास्त्राची चाल निराळी. जीवशास्त्रांत लेख पुष्कळ व प्रत्येकाखालीं आधारांची लांबलचक यादी; गणितांत लेख थोडे व आधारहि थोडे. एकाच अंकानें दोहोंची तुलना करणें म्हणजे शेरानें कापड मोजण्यासारखें आहे.

म्हणून उल्लेखांची नोंद टाकून द्यावी असें मात्र नाहीं. कोणाचा विचार कोठवर पोंचला हें शोधण्यास ती उत्तम वाटाड्या आहे. परंतु एखाद्या तरुण संशोधकाची निवड करतांना अंक पाहून झाल्यावर समितीनें त्याचा लेखहि उघडून वाचावा. चार पानें वाचावयास कितीसा वेळ लागतो?